जोर जोडीदारानं काढायचे

हर्सूलच्या पुढे, जेलची भिंत संपते तिथून जवळच पत्र्याच्या एका शेडमध्ये, सैन्यभरतीच्या निवासी अकॅडमीत शिकताना, मी आयुष्यातले अकरा महिने घालवले. शेडबाहेर मोठा फलक होता. त्यावर सैन्यात भरती झालेल्या मुलांचे फोटो होते आणि सगळ्या फोटोंत धड एकच होतं. कुण्या एका जवानाचं वर्दीतलं धड घेऊन त्यावर वेगवेगळी मुंडकी बसवली होती. काही मुंडकी धडापेक्षा गोरी, काही मोठी, एकाचा तर कान कॉलरवर आलेला. त्यातली निम्मी मुंडकी जालना रोडवरच्या दुसऱ्या अकॅडमीच्या फलकावरही झळकत होती, फक्त तिथलं धड जरा जाड होतं.

पहिल्या दिवशी तो फलक पाहूनच मी ठरवून टाकलं, की इथली माणसं मूर्ख आहेत. त्या वयात मला कोणाबद्दलही मत बनवायला तेवढाच वेळ लागायचा. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला दोन विषय राहिल्यामुळे मी घरी बसलो होतो. वडील चिकलठाण्याच्या एका कारखान्यात मशीनवर होते. संध्याकाळी आल्यावर जेवणाचा रिकामा डबा ओट्यावर ठेवता ठेवता ते माझ्याकडे नुसतं बघायचे. त्या बघण्याला वैतागून मी भरतीचा फॉर्म भरला. देशसेवा वगैरे मला फॉर्म भरून झाल्यावर सुचली.

अकॅडमी चालवणारे सर माजी सैनिक होते, हे ते दिवसातून दहा वेळा सांगायचे. पिळदार मिशी, गळ्यात शिट्टी, बारा महिने तोच ट्रॅकसूट. सैन्यात ते सतरा वर्षं स्टोअरमध्ये होते. ब्लँकेटं द्यायची, ब्लँकेटं परत घ्यायची. हे त्यांनीच एकदा मेसमध्ये जेवताना मला सांगितलं, आणि सांगताना त्यांचा आवाज असा कातर झाला की सगळी ब्लँकेटं धारातीर्थी पडली असावीत असं वाटलं. आम्हाला ते 'जवान' म्हणायचे. पहिल्या राउंडलाच फेस आलेल्या पोराच्या कानाशी जाऊन ओरडायचे, "ए जवान, दम नहीं है क्या? बॉर्डर पे दुश्मन रुकेगा तेरे लिए?"

या सरांनी एक पद्धत काढली होती आणि तिचा त्यांना फार अभिमान होता. ग्राउंडवर तरबेज असलेल्या पोराची पेपरात हुशार असलेल्या पोराशी जोडी लावायची. सकाळी हर्सूल तलावाकडे धावताना दोघांची मनगटं रुमालानं बांधायची, म्हणजे जोरात पळणारा ढिल्याला ओढत नेईल. दुपारी दोघं एका बाकावर. एकाचं गणित चुकलं की दहा जोर, पण ते चुकणाऱ्यानं नाही, त्याच्या जोडीदारानं काढायचे. चुकणाऱ्यानं शेजारी उभं राहून मोठ्यानं आकडे मोजायचे. सर म्हणायचे, सैन्यात एकाच्या चुकीनं दुसरा मरतो, ते इथंच अंगवळणी पडू द्या. ब्लँकेटांच्या स्टोअरमध्ये कोण कोणाच्या चुकीनं मेला, हे मला विचारावंसं वाटायचं.

माझा जोडीदार दौलताबादचा होता. किल्ल्यावर अंधारीच्या भुयारापुढे, वरच्या बारादरी महालाच्या वाटेवर त्याच्या चाचाचं लिंबू सरबताचं दुकान होतं आणि तिथं पाण्याचे कॅन चढवायचं काम दहाव्या वर्षापासून त्याच्याकडे होतं. दोन हातांत दोन कॅन घेऊन रोज पाच-सहा खेपा. सोळाशे मीटर धावून आल्यावर त्याचा श्वास लागलेला मी कधी पाहिला नाही. मला मात्र दुसऱ्या राउंडलाच बरगडीत कळ यायची. रुमाल ताणला की तो मान वळवून म्हणायचा, "मास्तर, नाकानं घे. तोंड मीट." मी त्याला गणित शिकवायचो म्हणून मास्तर. घरी ते लोक दखनी बोलायचे, माझ्याशी तो मराठी बोलायचा आणि चिडला की दोन्ही.

त्याची ही शेवटची भरती होती. पुढच्या भरतीला तो वयात बसणार नव्हता. घरच्यांनी सांगून ठेवलं होतं, की झालं तर झालं, नाही तर दुकान सांभाळ. एकदा रुमाल सोडता सोडता त्यानं मला सांगितलं, "मला सपाट जागी नोकरी पायजे. किल्ला चढून चढून डोकं फिरलं माझं."

मी खो-खो हसलो. "सैन्यात सपाट जागा? डोंगरावरच पाठवतील तुला."

"पाठवू दे ना. तिथं सरबत तर नाय विकायचं."

मला ते उत्तर गावंढळ वाटलं. मला तेव्हा त्याचं सगळंच गावंढळ वाटायचं. रात्री चादरीत तोंड खुपसून घरच्या आठवणीनं रडणं, मेसमधल्या बाईला दोनदा सलाम करणं, रिझनिंगचं गणित सोडवण्याआधी त्यातल्या माणसांची चौकशी करणं. 'एक माणूस उत्तरेकडे पाच किलोमीटर चालतो, मग उजवीकडे वळून तीन किलोमीटर' असं वाचलं की हा विचारणार, "पर गेला कशाला तो?" टाकी आणि दोन नळांच्या गणिताला तर तो हटूनच बसायचा. आमच्या शहरात नळाला आठवड्यानं पाणी येतं, त्यामुळे टाकी चार तासांत भरते यावर त्याचा विश्वासच नव्हता. त्याच्या एकेका शंकेमागे मी दहा दहा जोर काढले आणि तो शेजारी उभा राहून प्रामाणिकपणे मोजत राहिला. मग मी किल्लाच गणितात घातला. चांदमिनाराकडे तोंड केलं तर अंधारी कोणत्या बाजूला, तिथून वळलास तर बारादरी कुठं. तीन दिवसांत त्याच्या दिशा पक्क्या झाल्या. मला वाटलं, मी किती हुशार आहे. त्याला किल्ला किती ठाऊक आहे, हे काही माझ्या डोक्यात आलं नाही.

लेखी परीक्षा दोघंही पास झालो. आता ग्राउंड, आणि ग्राउंडनंतर मैदानातच मोबाइलवर द्यायची एक नवी परीक्षा. तिच्यात गणित नव्हतं. माणूस फौजेच्या जीवनात मिसळेल की नाही, हे त्यात बघतात, असं सांगितलं गेलं. एकामागून एक वाक्यं येणार, आणि आपण सहमत की असहमत, पूर्ण की थोडं, ते दाबायचं. मला राग लवकर येतो. मला एकटं राहायला आवडतं. मी सगळ्यांशी नेहमी खरं बोलतो. अशी वाक्यं.

सरांची त्रेधा उडाली. ज्या प्रश्नाचं उत्तर पाठ करता येत नाही, असा प्रश्न त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. त्यांनी मला ऑफिसात बोलावलं. ऑफिस म्हणजे शेडचाच कोपरा, एक टेबल आणि मागं वाघाचं पोस्टर.

"तुझं डोकं चालतं," सर म्हणाले. "या प्रश्नांचा एक आदर्श उत्तरसंच काढ. सगळ्यांकडून घोकून घेतो."

"सर, हे ज्याचं त्याचं असतं," मी म्हणालो.

"ज्याचं त्याचं काय असतं? फौजेला कसा माणूस पाहिजे तेवढं लिही."

मला खरं तर नाही म्हणायला हवं होतं. पण माझं डोकं चालतं असं बऱ्याच दिवसांत कोणी म्हणालं नव्हतं. एका दुपारी बसून मी दीडशे वाक्यं आणि दीडशे उत्तरं लिहून काढली. फौजेला देवच हवा आहे असं धरून मी एक देव बनवला. त्याला राग येत नाही, भूक लागत नाही, घर आठवत नाही, तो आयुष्यात खोटं बोललेला नाही, त्यानं कोणाचा हेवा केलेला नाही, आणि कोणीही काहीही हुकूम दिला की त्याला आनंद होतो. लिहिताना मी एकटाच हसत होतो. सरांनी मात्र वाचून मान डोलावली, "वा, असाच पाहिजे," असं म्हणाले आणि शंभर झेरॉक्स काढायला पाठवल्या.

मग पाठांतर सुरू झालं. सकाळी धावणं, दुपारी देव. पत्र्याखाली भर उन्हाळ्यात साठ पोरं एका सुरात ओरडायची. मला राग लवकर येतो. असहमत! मला कधी कधी भीती वाटते. असहमत! पलीकडे जेलच्या भिंतीवरचा पहारेकरी आमच्याकडे वाकून बघायचा. कैदी नक्की कोणत्या बाजूला आहेत, अशी शंका त्याला येत असावी.

सगळ्यांना जमलं, माझ्या जोडीदाराला जमेना. तो प्रत्येक वाक्यावर खरंच विचार करायचा.

"मला घरची आठवण येऊन रडू येतं," मी वाचायचो.

"येतं की. पहिल्या महिन्यात लई रडलो. तू तर बघितलंय."

"असहमत म्हण."

"पर तू बघितलंय ना."

सर शिट्टी वाजवायचे आणि मी जमिनीवर हात टेकायचो. त्याच्या एका खऱ्या उत्तरामागे माझे दहा जोर.

"अनोळखी माणसांत मिसळायला मला वेळ लागतो."

"लागतो ना. तुझ्याशी बोलायला मला वीस दिवस लागले. तू बघायचासच तसा."

दहा जोर. पहिल्या दोन दिवसांत माझे दंड असे भरून आले की ताट उचलता येईना. तिसऱ्या दिवशी मेसच्या मागं मी त्याची कॉलर धरली. तुला अक्कल आहे का, म्हणालो. तुझा हा शेवटचा चान्स आहे, फौज तुझ्या अम्मीसारखी कुरवाळायला बसलेली नाही, तिथं खरं बोलणाऱ्याला हाकलून देतात. मी जे लिहिलंय ते पाठ कर. तुझ्याच भल्यासाठी सांगतोय.

त्याचं भलं माझ्या मनात नावाला होतं. मला माझे दंड वाचवायचे होते.

त्यानं माझ्या हातातून कॉलर सोडवून नीट केली. म्हणाला, "तू बोलतो तर खरं असंल. तुझं डोकं माझ्यापेक्षा चालतं." त्या दिवसापासून तो कागद सतत त्याच्या हातात असायचा. धावायच्या आधी, धावल्यानंतर, मेसच्या रांगेत. आठवड्यानं मी कुठलंही वाक्य मधूनच वाचलं तरी तो डोळे न उघडता उत्तर द्यायचा. मला जोर काढावे लागेनात. सर म्हणाले, "शाबास, याला म्हणतात जोडी."

भरती शहरातल्याच एका मैदानावर होती. आमचा नंबर एकाच बॅचमध्ये लागला. मनगटाला रुमाल नव्हता, पण चारही राउंड तो माझ्यापासून हातभर अंतरावरच राहिला. त्याला वाटलं असतं तर तो पहिला आला असता. पहिल्या गटात येणाऱ्याला जास्त मार्क असतात, हे त्याला पाठ होतं. तिसऱ्या राउंडला माझी बरगडी धरली तेव्हा तो म्हणाला, "नाकानं घे," आणि मी घेतलं. आम्ही दोघं दुसऱ्या गटात आलो, आमच्या पाठीमागं दोर आडवा पडला, मागचे सगळे बाद. मी गवतावर आडवा झालो. तो उभ्यानं हसत होता.

त्यानंतर मंडपात ती परीक्षा. रांगांनी खाली बसायचं, पुढं मागं अंतर, बोलायचं नाही. तो माझ्या पुढच्या रांगेत, जरा डावीकडं होता. मी मोबाइल सुरू केला आणि पहिल्या पाच-सहा वाक्यांतच माझा अंगठा थांबला. एकच गोष्ट वेगवेगळ्या अंगानं विचारलेली होती. मी कधीही खोटं बोललेलो नाही, असं एकदा. अडचणीत असताना मी थोडं लपवलं आहे, असं थोड्या वेळानं. ही वाक्यं माणूस चांगला आहे का ते विचारत नव्हती. माणूस स्वतःशीच खोटं बोलतोय का, ते विचारत होती. ज्या परीक्षेची मी एवढी टिंगल केली होती, ती मी धरलं होतं तेवढी मूर्ख नव्हती. मूर्ख मी होतो.

मी देवाला बाजूला सारलं. राग येतो, सहमत. हेवा वाटतो, सहमत. हुकूम घ्यायला जड जातं, थोडं सहमत. प्रत्येक वाक्याशी थांबत थांबत जे खरं होतं ते दाबलं. मध्येच वर पाहिलं तर त्याचा अंगठा भराभर चालत होता, कुठंही अडत नव्हता. त्याचं सगळ्यांच्या आधी झालं. त्यानं मागं वळून माझ्याकडं पाहिलं, थोडा वेळ पाहिलं, आणि अंगठा वर केला.

मला खोकता आलं असतं, मान हलवता आली असती. त्याचा काही उपयोग झाला नसता, कारण त्याचं झालं होतं. पण हे मी नंतर स्वतःला सांगायला शोधलेलं आहे. त्या क्षणी मला मनातून बरं वाटलं होतं. सरांच्या साठ पोरांत आपण एकटे शहाणे निघालो, असं वाटलं होतं.

आमच्या शेडमधली अठरा पोरं धावण्यात पास झाली होती. त्या परीक्षेत सतरा पडली. उरलेला मी. कारण कोणी सांगत नाही, नुसते नंबर पुकारतात. गेटबाहेर रसवंतीच्या सावलीला तो पिशवी मांडीवर घेऊन बसला होता. मी जवळ गेलो.

"एक बी चुकलं नाय रे," तो म्हणाला. "सगळं तू लिहिलंस तसंच टाकलं. तू काय टाकलं?"

"तेच," मी म्हणालो.

त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. "मंग नशीब." पिशवी खांद्याला अडकवली, माझ्या पाठीवर थाप मारली आणि तो दौलताबादकडे जाणारी काळी-पिवळी पकडायला निघून गेला.

माझंही पुढं काही झालं नाही. मेडिकलला डाव्या कानाचा पडदा फाटलेला निघाला. सरांना त्याचं काही वाटलं नाही. त्यांनी नव्या परीक्षेत पास झालेला एकमेव विद्यार्थी म्हणून माझं मुंडकं त्या धडावर बसवलं आणि मला रिझनिंग शिकवायला ठेवून घेतलं. घरी वडिलांचं बघणं थांबलं. काही दिवसांनी सरांनी पुन्हा ऑफिसात बोलावलं. ते म्हणाले, "तू खरं लिहून पास झालास ना? मग खऱ्याचा उत्तरसंच काढ." आणि मी तोही काढला. मान्य करायला हरकत नाही असे सात दोष निवडले. सकाळी लवकर उठायचा कंटाळा येतो, अनोळखी माणसांशी बोलायला वेळ लागतो, कधी कधी घरची आठवण येते. हल्ली पत्र्याखाली साठ पोरं एका सुरात घरची आठवण येते म्हणून ओरडतात. ते वाक्य कोणाचं आहे, हे फक्त मला माहीत आहे.

गेल्या हिवाळ्यात मी दौलताबादला गेलो. तो अंधारीच्या खालच्या बाजूलाच सापडला, दोन हातांत दोन कॅन. मला पाहून हसला. "मास्तर! चल, वर चल. सरबत पाजतो." मी त्याच्यासोबत चढू लागलो. थोड्याच पायऱ्यांत माझी बरगडी धरली. तो थांबला, त्यानं एक कॅन खाली ठेवला आणि सवयीनं मनगट पुढं केलं. मग त्याच्याच लक्षात आलं आणि त्यानं हात मागं घेतला.

मी म्हणालो, "त्या दिवशी मी तेच टाकलं नव्हतं. तू विचारलंस तेव्हा मी खोटं बोललो."

"माहीत आहे," तो म्हणाला.

"कसं?"

"मी वळून बघितलं ना तेव्हा. तुझा अंगठा थांबत होता. ज्याला पाठ असतं त्याचा थांबत नाय. मला त्याच टायमाला समजलं, आपलं गेलं."

"मग गेटबाहेर विचारलंस कशाला?"

"तू काय बोलतो बघायचं होतं."

पायऱ्यांवरून शाळेची सहल खाली उतरत होती, पोरं आम्हाला वळसा घालून जात होती. त्यानं दुसरा कॅनही खाली ठेवला, हात झटकले आणि तिथंच, त्या दगडी पायरीवर, हात टेकून आडवा झाला.

"काय करतोस? ऊठ," मी म्हणालो.

"चुकला कोण? तू. मंग जोर कोणी काढायचे?" तो खालूनच बोलला. आवाजात राग नव्हता, तेच मला सोसेना. "मोज."

सहलीतली पोरं थांबून बघायला लागली. कोणीतरी मोबाइल काढला. मी एक म्हणालो, दोन म्हणालो. पाचपर्यंत मोजलं आणि सहा म्हणालोच नाही. तो पाचव्यावर हात ताठ करून तसाच थांबला होता, घाम नाकावरून पायरीवर टपकत होता.

"मोज ना, मास्तर," तो म्हणाला. "तू मोजल्याबिगर मला उठता येत नाय."